पाणी न येणारा नळ

प्रिय मोजपट्टी,

तू हसलीस आणि माझं सगळं बदललं. तारीख सांगत बसत नाही, तुला ती आठवणारही नाही. चौथं सत्र, जेवणानंतरचा तास, खडूसरांनी पडद्यावर एका कोसळलेल्या घराचा फोटो लावला आणि म्हणाले, "गल्लीतल्या वेल्डरला इंजिनिअर व्हावंसं वाटलं की असं होतं." वर्ग हसला. वर्गाचं मला काही नव्हतं, वर्ग त्यांच्या शिंकेलाही हसायचा. पण तू माझ्या शेजारी होतीस. माझे बाबा वेल्डर आहेत हे तुला माहीत होतं, त्यांनी बनवलेल्या खुर्चीत बसून तू आमच्याकडे दोनदा सरबत प्यायली होतीस. आणि तू हसलीस. खळखळून हसली असतीस तरी चाललं असतं, तू तर ओठ दाबून हसलीस, म्हणजे मी शेजारी आहे हे लक्षात ठेवून. मग मी ड्रॉइंगची फळी उचलून भिंतीवरच्या फळ्यावर फेकली. लोक सांगतात की मी फळा फोडला म्हणून मला काढलं. साफ खोटं. फळ्याला ओरखडाही आला नाही, त्या अख्ख्या कॉलेजात तेवढी एकच गोष्ट मजबूत होती. मला कुणी काढलं नाही. मी निघालो आणि परत गेलो नाही, एवढंच.

आता हे पत्र मी कुठे बसून लिहितोय ते ऐक. तुझ्या स्वयंपाकघरात. म्हणजे आमच्या. कागद तुझ्या नवऱ्याचे, चौकटी छापलेले, पेन्सिल पण त्याचीच, इतकी टोकदार की हिने माणूस भोसकता येईल. साडेतीन वाजलेत. तू साडेपाचला येतेस असं तो सांगून गेला. उद्या सकाळी दहाला तुमचे गवंडी या स्वयंपाकघराची भिंत पाडायला येणार आहेत. त्या भिंतीत काय आहे ते या शहरात आज फक्त मला माहीत आहे. सांगितलं तर माझ्या बापाची मान अडकते. नाही सांगितलं तर काय होईल तेही पुढे लिहितो. सांगायचं की गुपचूप निघून जायचं, हे ठरवायला मला हे दोन तास आहेत.

मी का आलो, हे तुला सगळ्यात आधी विचारावंसं वाटेल. तुझ्यासाठी आलो असं समजून खूश होऊ नकोस. सोमवारपासून मी नोकरीला लागतोय. जहाजं बांधायच्या गोदीत, शिकाऊ वेल्डर म्हणून. हो, वेल्डर, नीट वाच. मावशी याला 'करिअरची सुरुवात' म्हणते, कारण मावशीला कुणी शौचालय साफ करायला ठेवलं तरी ती त्याला करिअरच म्हणेल, स्वभावच गोड आहे तिचा. गोदी इथून बारा तासांवर आहे, आणि एकदा गेलो की या शहरात परत यायचं कारण उरत नाही. म्हणून म्हटलं, ज्या घरात वाढलो ते एकदा बघून घ्यावं. गावाहून निघताना आईने सांगितलं, जाऊ नकोस, तुझं डोकं फिरेल. बाबा खुर्चीचा हात चाचपत उठले. त्यांचे डोळे आता पार गेलेत, ठिणग्यांनी खाल्ले, समोरचं माणूसही त्यांना धुरातून दिसल्यासारखं दिसतं. मी पायात बूट घालत होतो तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाले, "ती भिंत तेवढी बघून ये रे." मला वाटलं, म्हाताऱ्याला घराची आठवण येतेय.

दार तुझ्या नवऱ्याने उघडलं. मी मनात तुझ्यासाठी जे भाषण तयार केलं होतं ते तोंडात तसंच राहिलं, आणि समोर आपल्या वर्गातला टॉपर, घरातही शर्ट खोचलेला. मला बघून त्याचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. छे! "अरे ठिणगी! ये ये मित्रा!" म्हणाला आणि मला मिठी मारली. ज्या माणसाला आपण दोन वर्षं रोज रात्री मनातल्या मनात जिन्यावरून ढकलतो, त्याने अशी मिठी मारणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. मला आमच्याच घरात त्याने पाहुण्यासारखं बसवलं, पाणी दिलं, ग्लासखाली ठेवायला एक बुचाची चकती दिली. चकती! आमच्याकडे ग्लास सांडला तर आई बाहीने पुसायची. वर मला विचारतो, "घर ओळखू येतंय का?" मी म्हटलं, "पत्ता तोच आहे."

खरं सांगू? घराचं तुम्ही वाटोळं केलंयत. भिंतींना तो राखाडी रंग कुणी सुचवला? दवाखान्यात वाट बघत बसल्यासारखं वाटतं. बाबांनी केलेली खिडकीची जाळी काढून तिथे अख्खी काच बसवलीत, आता समोरच्या इमारतीतला दात घासणारा माणूस तुमच्या बैठकीत येऊन दात घासतो. आणि ती प्लास्टिकची रोपं! जिवंत झाडाला पाणी घालायचा कंटाळा येणारी माणसं संसार कशाला करतात? बाथरूमच्या दाराला मात्र तुम्ही हात लावलेला नाही. ते अजून तसंच अडकतं, टॉपर त्याच्याशी झगडत होता, मी उठून कोपर मारून उघडून दिलं. त्याने चक्क टाळ्या वाजवल्या. पहिला नंबर, सुवर्णपदक, आणि स्वतःच्या घरातलं दार उघडता येत नाही.

मग त्याने मला तुमचा बेत दाखवला. नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर चार चमचे ठेवले. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत उद्या पाडायची, सगळं मोकळं करायचं. कल्पना तुझी आहे हे त्याने सांगायच्या आधीच मला कळलं होतं. पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तेव्हा तू पर्समधून टेप काढून त्या भिंतीची लांबी घेतली होतीस. म्हणून तर मी तुला मोजपट्टी म्हणायला लागलो. मला वाटायचं, ही माझ्या घरात रमतेय. तू घरातच रमत होतीस, माझा काही संबंध नव्हता. बाबांनी घर विकायला काढलं हे तुला कळलं आणि महिन्याभरात, घर आम्ही घेतो म्हणून टॉपरच्या वडिलांचा फोन आला. काही मुलींना मुलगा आवडतो म्हणून त्याचं घर आवडतं. तुझं गणित उलटं होतं, आणि तू गणितात कधी चुकली नाहीस.

टॉपर म्हणाला, मूळ नकाशात ही भिंत नुसती आडोशाची आहे, साडेचार इंची, तिच्यावर कसलाही भार नाही. बरोबर आहे, मूळ नकाशात तसंच आहे. मग त्याने भिंतीच्या टोकाला, कोपऱ्यात, तो नळ दाखवला. तुला माहीत आहे तो. गिलाव्यातून पितळी तोंड बाहेर आलेला, पाणी न येणारा. म्हणाला, "हा मेलेला पाइप उद्या सगळ्यात आधी ग्राइंडरने कापून टाकायचा, म्हणजे भिंत एका दिवसात खाली." आणि हसत हसत पुढे म्हणाला, "तुझे बाबा किल्ल्या देताना माझा हात धरून म्हणाले होते, या भिंतीला जपा. किती भावुक माणूस रे!" मी विचारलं, पाइप मेलेला आहे हे तुला कुणी सांगितलं? तर म्हणाला, "हिने. आणि हिला तूच सांगितलं होतंस ना?"

सांगितलं होतं. मीच. दुसऱ्यांदा आली होतीस तेव्हा तू तो नळ उघडून बघितलास, पाणी आलं नाही, आणि विचारलंस हा इथे कशाला. मी म्हटलं, "जुनी लाइन आहे, बंद केलेली." तू मान डोलावलीस आणि खिडकीकडे वळलीस. तुझ्यासाठी तो विषय तिथेच संपला.

तो नळ नाही. ती जुनी लाइनही नाही. मी आठ वर्षांचा असताना आईने घरी कपडे कापायचं काम घेतलं होतं. तिला बारा फूट लांब टेबल लागत होतं आणि आमच्या कुठल्याच खोलीत ते मावेना. आतल्या दोन खोल्यांमध्ये नऊ इंची भिंत होती, वरच्या मजल्याचं ओझं खरं तिच्यावर. वरच्या मजल्यावर वकीलकाका, तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांच्या लोखंडी कपाटांत चाळीस वर्षांची कागदपत्रं कोंबलेली, आणि कुणाच्या कुंडीतून पाणी ठिबकलं तरी नोटीस पाठवायची त्यांना हौस. ते एका खटल्यासाठी आठ दिवस परगावी गेले. त्या आठ दिवसांत बाबांनी आधी छताला लाकडी टेकू दिले, मग ती जाड भिंत काढली, छताखाली दोन लोखंडी चॅनेल, म्हणजे पन्हळीच्या आकाराच्या तुळया, पाठीला पाठ लावून वेल्ड केली आणि वरून फळ्या ठोकून रंग दिला. तुम्ही ज्याला 'छताची जुनी नक्षी' म्हणून पाहुण्यांना दाखवता, ते हे चॅनेल. त्याचं एक टोक बाहेरच्या भिंतीत शिरलेलं आहे. दुसरं टोक त्या मेलेल्या पाइपवर टेकलेलं आहे. चार इंची, जाड पत्र्याचा, खाली पोलादी पट्टी, आणि त्या पट्टीच्या बरोबर खाली खालच्या मजल्याची जाड भिंत. नगरपालिकेचा माणूस कधी आलाच तर पाइप पाण्याचा वाटावा म्हणून बाबांनी त्याला नळ चिकटवला. आई आल्यागेल्याला सांगायची, "तिथे हात धुऊ नका, त्याला पाणी येत नाही." चौदा वर्षांत कुणी विचारलं नाही की मग काढून का टाकत नाही. तू सोडून.

आणि तुला मी खोटं सांगितलं, कारण मला लाज वाटली. तू पुस्तकातले खांब आणि तुळया बघून आलेली, आणि आमच्या घरात खांबाला नळ. तुला सांगितलं असतं तर तू हसशील असं वाटलं. पुढे तू हसलीसच, पण त्यात माझं खोटं फुकट गेलं. बाबांची लाज वाटणारा त्या वर्गात पहिला मी होतो, खडूसरांच्याही आधी, तुझ्याही आधी. हे मी आजपर्यंत कुणाला बोललो नाही. फळी फेकली तेव्हा सगळ्यांना वाटलं मी बापाच्या अपमानासाठी पेटलो. मला पण तसंच वाटलं, बरं वाटायचं तसं समजून.

तर टॉपर पेन्सिलीने त्या पाइपवर फुली मारत होता आणि मी गप्प होतो. घाबरून नव्हे. मला मजा येत होती, हे लिहायलाच हवं. हा सुवर्णपदकवाला, खडूसरांचा लाडका, एका वेल्डरचा खांब नळ समजून कापणार होता. त्याच्या डोक्यावर कायद्याची चाळीस वर्षं कोसळतील आणि दुसऱ्या दिवशी खडूसर त्या ढिगाऱ्याचा फोटो वर्गात दाखवतील, असं चित्र मी रंगवत होतो. वीस मिनिटं! तो मला त्याच्या फरशीचे तुकडे दाखवत होता, राखाडी आणि कमी राखाडी, आणि मी 'वा वा' करत होतो. मग त्याला कुणाचा तरी फोन आला, फरशीवाल्याकडे जायला हवं म्हणाला. मला म्हणाला, "तू थांब ना, ती येईलच, तिला बरं वाटेल तुला बघून." आणि गेला. आपल्या बायकोवर अजून जीव असलेल्या माणसाला घरात एकटा सोडून गेला! मला घाबरायची सुद्धा त्याला गरज वाटली नाही. एवढा अपमान माझा खडूसरांनीही केला नव्हता.

इथपर्यंत लिहून मी उठलो आणि घरभर हिंडलो. आतल्या मोठ्या खोलीत तुझं कामाचं टेबल आहे. वर अर्धवट नकाशे, तुझा चष्मा, खुर्चीच्या पाठीवर तुझा निळा स्वेटर, तोच, कोपराला विरलेला. मी खुर्चीत बसलो आणि सवयीने वर बघितलं. चॅनेल बरोबर माझ्या डोक्यावर होतं. उद्या शनिवार. शनिवारी तू घरूनच काम करतेस, हे पण टॉपरने बोलता बोलता सांगितलं होतं. स्वयंपाकघरात ग्राइंडर ओरडत असता, तू कानात बोळे घालून इथे रेघा मारत असतीस. माझ्या रंगवलेल्या चित्रात ढिगाऱ्याखाली फक्त टॉपर होता. तुला मी त्यात धरलंच नव्हतं. मोजायला चुकलो. उठून बाथरूममध्ये गेलो आणि दोन वेळा तोंड धुतलं.

नंतर जे केलं ते तुला दिसेलच, पण घाबरू नकोस. टॉपरच्या नव्या कोऱ्या हत्यारपेटीतून हातोडी आणि छिन्नी घेतली आणि नळाच्या वरचा गिलावा छतापर्यंत फोडला. पसारा झालाय, झाडून घे. आतला पाइप मोकळा केलाय आणि चॅनेल त्याला जिथे जोडलंय तिथपर्यंत विटा काढल्यात. वेल्डिंगची ती ओळ नीट बघ. डोक्यावर हात करून, अवघडल्या मानेने मारलेली आहे, तरी एकसारखी आहे, कुठे फुगलेली नाही, कुठे तुटलेली नाही. मला तशी जमायला दहा वर्षं लागतील. मग मी इथे बसून चौकटीच्या कागदावर आकडेमोड केली. वकीलकाकांची कपाटं धरली, आहेत त्याच्या दुप्पट धरली, स्लॅब, फरशी, माणसं सगळं धरलं. सूत्रं खडूसरांचीच. तीनदा केली. बाबांनी नजरेच्या अंदाजाने टाकलेलं ते लोखंड हवं त्याच्या दीडपट निघतं. तो कागद या पत्राला जोडलाय. तू तपास, चूक सापडणार नाही. सापडली तर टॉपरला दाखव, त्याला तेवढाच आनंद. चौथ्या सत्रात माझ्याकडे एवढी अक्कल असती, तर फळी फेकण्याऐवजी हा आकडा फळ्यावर लिहिला असता.

भिंत तुम्हाला पाडायचीच असेल तर पाडा. भिंतीच्या विटांना काही अर्थ नाही. पण पाइप कापू नका, त्याला धक्का लावू नका, आणि हातोडा मारायच्या आधी एखाद्या जाणत्या माणसाला बोलवून दोन्ही बाजूंना टेकू लावून घ्या. भिंतीवर मी पेन्सिलीने मोठ्या अक्षरात तसं लिहिलंय. अक्षर घाणेरडं आलंय, पण गवंड्याला वाचता येईल.

एक गोष्ट उरली. हे वकीलकाकांच्या कानावर गेलं तर ते बाबांना कोर्टात खेचतील. बासष्ट वर्षांचा माणूस, ज्याला समोरचा न्यायाधीश दिसणार नाही, तो आवाजाच्या दिशेने हात जोडून उभा राहील. तुम्ही तर फसवलं म्हणून घर परत घ्या, पैसे टाका म्हणू शकता, कायदा तुमच्या बाजूने आहे. मी आईला न विचारता, बाबांना न विचारता त्यांना तुझ्या हातात दिलंय. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून नाही, तसला भ्रम मला नाही. तो खांब बापाच्या अब्रूपेक्षा जास्त ओझं उचलतोय, एवढाच हिशोब मला लागला. पुढचं तू ठरव. वकीलकाकांना सांगायचं असेल तर सांग. पण आधी एकदा बाबांना फोन कर आणि तो खांब कसा उभा केला ते विचार. आजवर त्यांना कुणीही विचारलेलं नाही. मी पण नाही.

आता मी थांबत का नाही, आणि तोंडाने सांगायचं सोडून हे नऊ पानं का खरडली, ते. सव्वापाच होत आलेत. थांबलो तर तू दारातून आत येशील, हा पसारा बघून कपाळाला आठ्या घालशील, आणि मी पेटेन. मी माझ्या आवाजाला ओळखतो. मी राखाडी रंगावर बोलेन, टॉपरवर बोलेन, तुझ्या त्या हसण्यावर बोलेन, आणि तू म्हणशील, 'अजून तसाच आहेस.' या सगळ्यात खांब राहून जाईल. तुला वाटेल, सोडून दिलेला मुलगा घर मोडू नये म्हणून काहीतरी थापा मारतोय. भांडणाऱ्या माणसाच्या तोंडचं खरं कुणी ऐकत नाही, आणि मला तुझ्याशी न भांडता बोलता येत नाही, कारण न भांडता बोललो तर जे तोंडातून निघेल ते तू ऐकायला आता उशीर झालाय. लिहिताना मात्र तू मधे बोलू शकत नाहीस आणि मी ओरडू शकत नाही. म्हणून लिहिलं. तुझ्याकडून काही नको. उत्तर नको, आभार तर मुळीच नकोत, ते टॉपरच्या मिठीत आगाऊ मिळालेत. उद्या शनिवारी सकाळी तू तुझ्या टेबलाशी बसावंस, कानात बोळे घालून, कंटाळून, जिवंत. बाकी तुमचा संसार आहे, हवा तसा रंगवा. पत्र नळाच्या तोंडात खोचून ठेवतोय, तिथे तुला दिसेलच. हात धुतले, बूट घातले. तुम्ही बसवलेलं नवं कुलूप ओढलं की आपोआप लागतं, म्हणजे एकदा बाहेर पडलो की मला परत आत येता येणार नाही. बरंच आहे. निघालो. दार ओढून घेतोय.

तुझाच (खोडायला रबर सापडलं नाही),
ठिणगी